सुप्याच्या पिक्चरमधली वहिनी

इकबाल,

तुझ्या जियारतीच्या, म्हणजे तिसऱ्याच्या दिवशी नसीमभाभींनी मला मागे थांबवून घेतलं. पाहुणे जेवून गेले होते आणि तुझा पोरगा अय्याज सतरंज्या गुंडाळत होता. भाभी इद्दतीत, नवऱ्यामागे परक्या पुरुषासमोर यायचं नाही अशा दिवसांत, म्हणून आतल्या खोलीच्या दाराला पडदा लावलेला. ज्या घरात इतकी वर्षं मी थेट स्वयंपाकघरात शिरून पातेल्यावरचं झाकण उचलत आलो, त्याच घरात त्या दिवशी पडद्याकडे तोंड करून परक्यासारखा खुर्चीवर बसलो होतो. आतून आवाज आला, "सुभाषभाऊ, खरं सांगा. त्यांना माहीत होतं का?"

मी म्हटलं, "नाही भाभी. इकबालला काहीच माहीत नव्हतं."

तुला शब्द दिला होता, म्हणून म्हटलं. मला वाटलं, हे ऐकून बाई सुटकेचा श्वास सोडेल. त्यांनीच तर तुझं खरं दुखणं तुझ्यापासून लपवलं होतं, आणि लपवलेलं शेवटपर्यंत लपून राहिलं म्हणजे जिंकल्याच की त्या! पण तसं झालं नाही. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे आम्ही त्यांना कुणाची माफीसुद्धा मागू दिली नाही."

तुमच्यातली ती रीत मला तूच सांगितली होतीस. हजला निघालेला माणूस असो नाहीतर अंथरुणाला खिळलेला, तो आपल्या माणसांना 'कहा-सुना माफ करा' म्हणतो, म्हणजे बोललो-चाललो त्यात काही दुखावलं असेल तर सोडून द्या. समोरचा 'माफ केलं' म्हणतो आणि जाणारा हलका होऊन जातो. भाभींच्या डोक्यात तेच बसलं होतं. आपण जाणार हे तुला कळलंच नाही, म्हणून तू कुणाला म्हटलं नाहीस, आणि ते पाप आता त्यांच्या माथी.

तेव्हापासून मी तुझ्यावर चिडलोय. आपल्या नाटकमंडळातले लोक म्हणतायत, स्मरणिकेसाठी सुभाषरावांनी इकबालवर चार चांगल्या गोष्टी लिहाव्यात. तू किती दिलदार होतास आणि तुझ्या हातच्या सीट कव्हरला आख्ख्या नगरात कशी तोड नव्हती, ते त्यांचं त्यांना लिहू दे. मला भांडायचंय. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि ते तू मुद्दाम अर्धवट ठेवलंस.

आपण त्याला 'पंचनामा' म्हणायचो. नाटक असो की पिक्चर, बघून बाहेर आलं की माळीवाड्यात चहाच्या टपरीवर बसायचं आणि त्यातलं सगळ्यात चांगलं काम कुणाचं, ते एकेकाने सांगायचं. हिरो-हिरॉईन बाद. मग भांडायचं, एक जण हरेपर्यंत. हरला त्याने दुसऱ्याच्या माणसाचा प्रवेश तिथल्या तिथे करून दाखवायचा. एकदा तू रिक्षावाल्यांच्या घोळक्यात सासरी निघालेली नवरी होऊन असा रडलास की टपरीवाल्याने तुला पाणी आणून दिलं. मी मंडळाचा दिग्दर्शक, त्यामुळे मीच बरोबर असं मला वाटायचं. तू मिरजगावहून शहरात आलेला कुशनवाला, गुडघ्यावर रेक्झिन घेऊन शिवता शिवता वाद घालायचास आणि हरायचं नाव घ्यायचा नाहीस.

तो पिक्चर आपण सकाळच्या खेळाला पाहिला. त्याचं नाव आपण कधी घेतलंच नाही. कारखान्याच्या गेटचे सीन सुप्याला झालेले, म्हणून आपल्यासाठी तो 'सुप्याचा पिक्चर'. ट्रान्सपोर्टवाल्यांचं घर, थोरल्या भावाचा खून होतो, आणि घरातला प्रत्येक माणूस संशयित. त्यात हिरो असा कुणी नाहीच, सगळे सारखेच महत्त्वाचे. बाहेर आल्या आल्या मी जाहीर केलं, "धाकट्याचं काम एक नंबर." खून त्यानेच केलेला असतो. शेवटी तो सगळ्यांदेखत वहिनीच्या पायावर पडतो आणि कबुली देतो. एका दमात घेतलेला लांबलचक प्रवेश, घाम, शेंबूड, कापणारा जबडा. याला म्हणतात अभिनय, असं मी टपरीवर ठासून सांगितलं.

तू चहा फुंकत म्हणालास, "धाकटा काय, रडला. रडायला काय लागतंय? वहिनीचं काम बघ."

"वहिनीने केलं काय पण?"

"साखर इचारली."

तो प्रवेश मी हजार वेळा तुझ्या तोंडून ऐकला. पहाटे इन्स्पेक्टर येतो, ओट्याशी उभ्या असलेल्या वहिनीला सांगतो की तुमच्या नवऱ्याचं प्रेत गेटबाहेर सापडलं. ती चहा गाळता गाळता विचारते, "साखर किती घालू?" बस्स. मी म्हणायचो, बाईला धक्का बसलाय, तोंडातून सवयीने शब्द निघाला, त्यात अभिनय कसला. तू म्हणायचास, तिला आधीच सगळं माहीत हाय. कुनी मारला ते बी माहीत हाय. घर मोडू नये म्हनून ती न कळल्याचं सोंग करतीय.

"अरे, पण लेखकाने तसं कुठे लिहिलंय?"

"लिवलेलं न्हाई, म्हनून तर ती अ‍ॅक्टिंग हाय!"

तो पंचनामा त्या दिवशी मिटला नाही. एरवी दोन-तीन बैठकांत मिटायचा, हा चिघळत गेला. आणि तेवढ्यात तुझं पोट दुखायला लागलं.

तपासण्या झाल्या. अय्याजने मला नागापूरच्या त्याच्या कंपनीच्या गेटवर बोलावून घेतलं आणि रिपोर्टमधलं सांगितलं. त्याला धड बोलताही येत नव्हतं. म्हणाला, "काका, अम्मी म्हणते अब्बांना कळू द्यायचं नाही. हाय खातील. आतड्याला सूज आहे, एवढंच सांगायचं." मी मान डोलावली. आपल्याकडे सगळे हेच करतात. माझ्या वडिलांच्या वेळी आम्हीही हेच केलं होतं. माणसाला त्याचा आजार सांगणं म्हणजे त्याला आपल्या हाताने ढकलणं, असं आपल्याला कुणी शिकवलंय कोण जाणे.

मग पुण्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. गाडी माझी, शेजारी तू, मागे अय्याज. आणि तू, हरामखोरा, दर खेपेला सुपा जवळ आलं की तोच विषय काढायचास. "सुभ्या, वहिनीला माहीत हुतं का न्हवतं?"

आधी मी या वादात गंमत म्हणून उतरायचो. आता मला भीती वाटायची. माहीत असूनही एखादं माणूस काही कळल्याचं चेहऱ्यावर दिसू देत नाही, हे जर मी कबूल केलं असतं, तर तू माझ्याच चेहऱ्याकडे बघितलं असतंस. म्हणून मी तावातावाने भांडायचो. माहीत नव्हतं तिला! काही माहीत नव्हतं! स्टिअरिंगवर मूठ आपटायचो. आरशातून अय्याज माझ्याकडे बघायचा आणि पटकन खिडकीबाहेर तोंड फिरवायचा.

एका खेपेला अय्याजला सुट्टी मिळाली नाही, आपण दोघंच होतो. परतताना सुप्याला, पिक्चरमधल्या त्याच गेटासमोर, तू म्हणालास, "गाडी बाजूला घे." मला वाटलं तुला मळमळतंय. मी घाईघाईने गाडी थांबवली. तू खाली उतरला नाहीस. समोर बघत म्हणालास, "आता शेवटचं इचारतो. वहिनीला माहीत हुतं का?"

"नव्हतं."

"मग तुझं तोंड का असं झालंय?"

"कसं झालंय?"

"धाकट्यासारखं."

तू हसलास आणि म्हणालास, "अरे, त्या दवाखान्यात दाराव एवढा मोठा क्यान्सरचा बोर्ड हाय. तिथं आलं की अय्याज दर बारीला मोबाईलमधी पोराचे फोटो दाखवतो. फोटो बघून मी आंधळा झालो व्हय?"

आपण दोघं इतके हसलो, इकबाल, की शेजारून जाणाऱ्या टेम्पोवाल्याने वाकून बघितलं. त्या बोर्डाचं आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. डॉक्टरांना गप्प केलं, नर्सला हातापाया पडून सांगितलं, गोळ्यांच्या पाकिटावरची नावं खरवडली, आणि मराठीत ठळक अक्षरांत लिहिलेल्या दाराखालून तुला दर वेळी हात धरून नेलं. हसता हसता मला कधी रडू आलं ते कळलं नाही. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. तू माझी समजूत घातली नाहीस. सीटवरून हात फिरवत म्हणालास, "कोपऱ्यात शिवन उसवली बघ. दुकानात आनून टाक, दोन टाके घालतो."

मग तू शब्द घेतलास. "नसीमला कळू द्यायचं न्हाई, मला माहीत हाय ते. मोरीत जाऊन रडती, तोंड धुती आन हसत माझ्यासमोर येती. तिला वाटू दे, तिनं मला संबाळलं. मी मेल्याव बी तिला सांगू नको."

मी म्हटलं, "बरं." काय म्हणणार दुसरं?

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते तुला सांगायचं राहूनच गेलं. तुमच्या घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि सगळे एकमेकांसमोर नाटक करत होते. दोन्ही बाजूंचं गुपित ठाऊक असलेला मी एकटा. स्वयंपाकघरात भाभी कुजबुजायच्या, "त्यांना संशय तर नाही ना आला?" बाहेर पलंगाशी आलो की तू दबक्या आवाजात विचारायचास, "काय म्हनत हुती? रडत तर न्हवती?" मी दोन्हीकडे नाही-नाही म्हणत फिरायचो. जिभेवर चुकीचा शब्द येईल या धास्तीने मी तुमच्याकडे चहासुद्धा नको म्हणायला लागलो होतो.

मिरजगावची तुझी खाला, तुझी मावशी, आली तो दिवस आठवतो? तिला कुणीतरी सगळं सांगून ठेवलं होतं. दारातच तिने तुला बघितलं आणि मोठ्याने हंबरडा फोडला. मी पाण्याचा तांब्या हातात धरून तसाच उभा राहिलो. अय्याज पांढरा पडला. भाभी धावत पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "खालाच्या डोळ्यांना मोतीबिंदू झालाय, सारखं पाणी येतं." सगळे तुझ्याकडे बघत होते. तू उशीवर रेललास आणि म्हणालास, "खाला, नगरलाच दाखवून टाका. इथं लई चांगला डोळ्याचा डॉक्टर हाय." भाभींचे खांदे खाली आले. त्यांना वाटलं, वाचलो. मला तेव्हा टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि तुझं मुस्काटही फोडावंसं वाटलं. इतकं चांगलं काम तू आपल्या स्टेजवर कधी केलं नाहीस रे.

आणि मग ती दुपार. तू पार वाळून गेला होतास. अय्याजने मोबाईलवर तो पिक्चर लावून दिला होता, भाभीही पलंगाशेजारी खाली बसून बघत होत्या. पिक्चर संपला आणि तू एकदम म्हणालास, "सुभ्या, मी हरलो. तुझा धाकटाच भारी."

मला रागच आला. इतके महिने भांडला होतास, आणि आता असं एका वाक्यात? मी म्हटलं, "दमला असशील म्हणून सोडतोयस. मला नको असली जीत."

"हरलो म्हन्लं ना. हरल्याव करून दाखवायचं." आणि तू पलंगावरून पाय खाली सोडलेस. आम्ही तिघंही धावलो. तू आम्हाला हाताने मागे सारलंस, एका हाताने पोट धरलंस, आणि भाभींसमोर गुडघ्यावर बसलास. धाकटा बसतो तसा. तुझा जबडा कापत होता. घाम खरा होता. तू त्यांच्या पायाला हात लावलास आणि म्हणालास, "नसीम, कहा-सुना माफ कर."

मी खेकसलो, "संवाद चुकलास! तो 'वहिनी' म्हणतो, आणि पुढचं तर..." दिग्दर्शकाची जित्याची खोड. तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस, आणि मी पुढचं वाक्य सोडून दिलं. तू भाभींकडे वळून म्हणालास, "म्हातारपनी पाठ राहत न्हाई गं. माफ केलं का, बोल."

भाभी हसत होत्या. हसताना डोळे पुसत होत्या आणि तुला बखोटीला धरून उठवत होत्या. "किया, किया माफ! उठो अब, गिर जाओगे. गोली लेनी है." अय्याज हसला. मी टाळ्या वाजवल्या. मला वाजवाव्याच लागल्या.

त्यानंतर तू फार बोलला नाहीस. झोपायचास, आणि जागा असलास की छताकडे बघत शांत पडून असायचास. तुझं ते शांत होणं बघून भाभी मला म्हणाल्या होत्या, "औषध लागू पडतंय वाटतं." मी हो म्हटलं. मग तू गेलास.

जियारतीनंतर मी पुष्कळ दिवस तुमच्याकडे फिरकलो नाही. तोंड दाखवायची हिंमत नव्हती. अय्याजचा फोन आला. "काका, अम्मी जेवत नाहीये. नमाजाच्या जानमाजवर बसून राहते. एकच बोलते, मी त्यांना खोटेपणात घालवलं. तुम्ही या ना एकदा." मी सकाळपासून नागापूरच्या रस्त्याने नुसताच गाडी फिरवत राहिलो. एका बाजूला तुला दिलेला शब्द, आणि मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडायचा नसतो, हे मी लहानपणापासून ऐकत आलेलो. दुसऱ्या बाजूला पडद्याआडची ती बाई. तिने तुला सांभाळलं असं तिला वाटावं, म्हणून तू हे सगळं केलंस, आणि त्याचाच काटा होऊन तिच्या गळ्यात रुतला होता. हे तुला कळायला पाहिजे होतं, इकबाल. पिक्चरमधलं तुला सगळं कळायचं, मग घरातलं का नाही कळलं? का कळलं होतं, आणि निस्तरायचं माझ्या अंगावर टाकून गेलास?

काल गेलो. पुन्हा तीच खुर्ची आणि समोर पडदा. अय्याज माझ्या शेजारी बसला. मला भाभींचा चेहरा दिसत नव्हता. आयुष्यभर मी लोकांचे चेहरे बघून पुढचं वाक्य ठरवत आलो, काल समोर नुसतं फुलाफुलांचं कापड होतं.

"भाभी, मी तुमच्याशी खोटं बोललो. त्याला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं."

अय्याजने झटक्यात माझ्याकडे बघितलं. मी बोलत राहिलो. दवाखान्याचा बोर्ड सांगितला, सुप्याचं गेट सांगितलं, तुझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, 'तिला वाटू दे, तिनं मला संबाळलं.' आणि मग म्हटलं, "त्याने माफी मागितली, भाभी. त्या दुपारी. पिक्चरचं नाटक करून मागितली. तुमचं नाव घेऊन. आणि तुम्ही दिलीत."

अय्याज तोंडावर हात दाबून उठला आणि बाहेर अंगणात गेला. पडदा हलला नाही. मग भाभींचा आवाज आला, अगदी बारीक. "मी हसत होते ना तेव्हा?"

"हो. हसत म्हणालात, किया माफ."

"गोळीचं म्हटलं मी त्यांना. ते एवढं मोठं मागत होते, आणि मी गोळीचं म्हटलं."

"त्याला तेवढंच हवं होतं, भाभी. त्यानंतर तो शांत झाला, तुम्हीच म्हणाला होतात."

त्या रडायला लागल्या. मोरीत तोंड दाबून रडायच्या तसं नव्हे, मोकळं, आवाज करून. मी बसून राहिलो. मला वाटलं, झालं, सुटला गुंता. तुझ्यावरचा माझा रागही उतरायला लागला होता. वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं. अख्खं घर तुला फसवत असताना तू आपलं मागणं त्या घराच्या नाकासमोर मागून घेतलंस. एक सांगून ठेवतो, तुझी ती हार मी मानलेली नाही. खोटी हार होती ती. पंचनामा चालूच आहे असं मी धरतो, आणि खरं सांगायचं तर माझी बाजू आता लंगडी पडलीय.

मी उठायला लागलो तेवढ्यात त्यांनी हाक मारली. "सुभाषभाऊ."

"हं, भाभी."

"त्यांनी माझ्याकडे मागितली. मी कुठे मागितली त्यांच्याकडे? एवढं खोटं बोलले मी त्यांच्याशी. रोज बोलले. मला कोण माफ करणार आता?"

तू त्याबद्दल कधी काही बोलला नव्हतास, सुप्याला नाही, पलंगावर नाही. पण पडद्यापलीकडे ती बाई माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी म्हटलं, "इकबालने केलंय माफ. मला सांगून गेलाय तो."

"खरंच?"

"खरंच."

आतून बांगड्याही नव्हत्या वाजायला. नुसता एक लांब सुस्कारा आला. मग त्यांनी अय्याजला हाक मारून ताट वाढायला सांगितलं, स्वतःसाठी.

इकबाल, तू मला असं काहीच सांगून गेला नव्हतास. ते वाक्य माझं होतं, तुझ्या नावावर मीच बोलून टाकलं. तुझा शब्द मोडला तो मोडलाच, वर हे. आता मागे घेता येत नाही, त्या जेवल्या आहेत. तेव्हा माझं एवढं ऐक. माफ केलंयस ना रे त्यांना?